झाडीपट्टीतली चांदीची खाण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे गुरुजी आम्हाला भूगोल शिकवायचे. सातवीत असताना मी नाल्यातून एक दगड उचलून वर्गात आणला होता. उन्हात धरला की त्याच्या अंगावर चांदीचा वर्ख लावल्यासारखा दिसे. आजोबांनी मला आधीच बजावलं होतं, "बाबू, चांदीचा दगड हाये तो. कोनाले दाखवू नोको." मी दाखवला. गुरुजींनी खिशातल्या चाकूचं टोक त्याच्या कडेत घातलं आणि कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा अलगद सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. तो अभ्रक होता. वर्ग हसला, पण गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. कुठे मिळाला? त्या नाल्याचं नाव काय? ते नाव कुणी सांगितलं? मग म्हणाले, "हे तिन्ही वहीत लिही आणि दगडाला चिठ्ठी लाव." आजचं माझं बोलणं म्हणजे त्या चिठ्ठीचाच पुढचा भाग आहे.

माझे आजोबा बंडीने तुमसरच्या बाजाराला धान न्यायचे. बंडी रात्री हाकायची. बैलांना वाट ठाऊक असते, पण हाकणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून सोबत्यांनी गोष्टी सांगायच्या. त्यातली एक चांदीच्या खाणीची होती. सातपुड्याच्या कडेच्या कोणत्याशा टेकडीत गोंड राजाच्या वेळची चांदीची खाण आहे. राज्य बुडालं तेव्हा तिचं तोंड शिळेने बंद केलं. वर नाग बसला. पायाळू माणूस अमावास्येला गेला तर त्याला शीळ ऐकू येते. असं काय काय. अशी गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. कुणाच्या गोष्टीत खाण असते, कुणाच्या गोष्टीत मोहरांचे सात रांजण, कुणाच्या गोष्टीत तलावाच्या तळाशी बसलेली सोन्याची बंडी.

पुढे मी भूशास्त्र शिकलो, शिकवलं, आणि पस्तीस-चाळीस वर्षं या टेकड्यांतून हिंडलो. चांदीची खाण मला दिसली नाही. पण त्या गोष्टीतला एकेक तुकडा घेऊन शोधत गेलो तेव्हा प्रत्येक तुकड्याखाली काहीतरी खरं सापडत गेलं. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी वाटेचं बोलू, कारण अशा गोष्टी वाटेवरच जगतात. भंडाऱ्याचं नाव असलेला एक फार जुना लेख छत्तीसगडातल्या रतनपूरचा आहे. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा हा शिलालेख इ. स. १११४ चा. त्याला दरवर्षी नजराणा देणाऱ्या मुलखांची नावं त्यात कोरली आहेत. त्यात लांजिका, वैरागर आणि भाणार ही तीन नावं आहेत. लांजिका म्हणजे आज बालाघाट जिल्ह्यात असलेलं लांजी. वैरागर म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वैरागड. आणि भाणार म्हणजे आपण आता बसलो आहोत ते गाव.

ही तीन नावं एका यादीत आली याचं मला फार महत्त्व वाटतं. वैरागडची ख्याती हिऱ्यांची. वज्राकर, म्हणजे हिऱ्याची खाण, हे त्याचं जुनं नाव. चोळ राजा पहिला कुलोत्तुंग याने तरुणपणी वयिरागरम् इथे हत्तींचे कळप पकडल्याचा अभिमान त्याच्या लेखांत आहे. इतिहासकार फेरिश्ता लिहितो की बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात गोंडांच्या ताब्यातली हिऱ्याची खाण घेतली. अकबराच्या वेळच्या आईन-ए-अकबरीत वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आहे. म्हणजे आपल्याच वैनगंगेच्या खोऱ्यात, पवनीवरून नदीच्या कडेने खाली गेलं की येणाऱ्या मुलखात, पाचशे वर्षं राजे आणि बादशहा ज्या खाणीची नोंद ठेवत होते ती खाण होती. आज वैरागडला किल्ल्याच्या भिंती आहेत, झाडी आहे आणि खोब्रागडी नदी आहे. मग त्या वाटेवरचा बंडीवाला आपल्या नातवाला "गोंड राजाची खाण होती, आता दिसत नाही" असं सांगत असेल, तर तो खोटं बोलत नव्हता. सांगता सांगता फक्त हिऱ्याची चांदी झाली आणि वैरागडची टेकडी सरकत सरकत तुमसरच्या बाजूला आली.

खाण सरकण्याची ही रीत सगळ्या जगात दिसते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये स्पॅनिश लोकांच्या सरहद्दीवर १७५६ साली बेर्नार्दो दे मिरांदा नावाचा अधिकारी लोस आल्माग्रेस या टेकडीची पाहणी करून आला. चांदी अमाप आहे असं त्याने कळवलं. दुसऱ्या वर्षी सान साबा नदीवर ठाणं बसलं. पण ठाणं होतं खाणीपासून बरंच दूर. खाणीचं काम काही उभं राहिलं नाही, आणि पुढे लोक शंभर-दीडशे वर्षं ती चांदी त्या ठाण्याच्या भोवती शोधत राहिले. टेकडी एकीकडे, गोष्ट दुसरीकडे. टेक्सासचे लोककथा-अभ्यासक फ्रँक डोबी यांनी १९३० च्या सुमारास या गोष्टी गोळा करून छापल्या, म्हणून त्या आज वाचायला मिळतात. आपल्याकडे ते काम कुणी करायचं, हा प्रश्न मी शेवटी विचारणार आहे.

आता चांदीकडे येतो. चांदी इथून खरोखर गेली होती का? गेली होती, पण जमिनीखालून नव्हे. १७४१ पासून दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात होत्या. १७५१ च्या तहात नवाब अलीवर्दीखानाने बंगालची चौथाई म्हणून वर्षाला १२ लाख रुपये रघुजी भोसल्यांना द्यायचं कबूल केलं. चांदीचा रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा धरला तर ही चांदी चौदा टनांच्या आसपास भरते. सगळी रक्कम दरवर्षी आली किंवा सगळी नगद आली असं मी म्हणत नाही. हुंड्या चालत होत्या, थकबाकी राहत होती. पण रायपूरवरून देवरी, साकोली आणि भंडारा अशी नागपूरला येणारी वाट ही पूर्वेकडच्या मुलखाशी जोडणारी मोठी वाट होती, आणि राज्याचा पैसा, डाक, फौज, वणजाऱ्यांचे लमाणी बैल हे सगळं तिच्यावरून चालत होतं. रात्रीच्या मुक्कामाला शिबंदीच्या पहाऱ्यात उतरलेल्या थैल्या ज्या गावाने पाहिल्या, त्या गावाच्या आठवणीत चांदी राहणारच. पुढे १८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली, नागपूरचे अप्पासाहेब भोसले परागंदा झाले, १८५४ साली राज्य खालसा झालं. राज्य बुडालं की लोक विचारतात, एवढा पैसा गेला कुठे? कुणीतरी उत्तर देतं, पुरला. आंबागडच्या किल्ल्याभोवतीच्या गोष्टी मला याच जातीच्या वाटतात. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने हा किल्ला बांधला, आणि भोसल्यांच्या वेळी तिथे कैदी ठेवत असत. बंद दरवाजा, पहारेकरी आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. गोष्टीला आणखी काय लागतं?

त्या चौथाईच्या रुपयातली चांदी तरी बंगालच्या जमिनीतली कुठे होती? आपल्या देशात चांदीची मोठी खाण म्हणजे मेवाडातलं जावर. तिथे शिशाच्या आणि जस्ताच्या धातुकातून चांदी काढत. बाकीची बहुतेक चांदी समुद्रावरून येत असे. १५४५ साली दक्षिण अमेरिकेत पोतोसीचा डोंगर सापडल्यावर तिथली चांदी युरोपात आणि मनिलाला गेली, आणि आपल्या कापडाच्या मोबदल्यात हिंदुस्थानात उतरली. साकोलीच्या बाजारात कोष्ट्याच्या हातावर पडलेल्या रुपयात पोतोसीचा कण असणं अगदी शक्य आहे.

इथे थोडं भूशास्त्र सांगावं लागेल. सोनं शुद्ध रूपात दगडात राहतं, गंजत नाही, नदीच्या वाळूत उतरतं, म्हणून गरीब माणसालाही ते धुवून काढता येतं. चांदीचं तसं नाही. शुद्ध चांदीचे तुकडे दुर्मीळ. ती बहुधा शिशाच्या गंधकयुक्त धातुकात, म्हणजे गॅलेनात, मिसळून असते. ते धातुक भाजायचं, शिसं वितळवायचं, भट्टीत वारा देऊन शिशाची राख करायची आणि तळाशी उरलेला चांदीचा मणी उचलायचा, अशी ती रीत. एवढं जिथे झालं असेल तिथे मळीचे ढीग उरतात आणि फुटक्या मुशी उरतात. चांदीची खाण शोधायची असेल तर चमक शोधू नये, मळी शोधावी. मी जे काही हिंडलो त्यात मला लोखंडाची मळी अनेक ठिकाणी दिसली, शिशाची कुठेच दिसली नाही.

मग माझ्या नाल्यातली ती चमक? भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला सौसर गटाचे खडक आहेत आणि मध्यावर साकोली गटाचे. हे खडक अति जुने आहेत, दाबाखाली चेपलेले आणि भाजलेले. त्यांतले कितीतरी अभ्रकाने भरलेले शिस्ट आहेत. उन्हाळ्यात नाला आटला की वाळूत चांदी सांडल्यासारखी दिसते. रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांनी सुवर्णमाक्षिक आणि रौप्यमाक्षिक अशी नावं देऊन चमकणारे दगड वेगळे काढले होते. आपल्या पूर्वजांना चमक आणि धातू यातला फरक कळत होता. आपण तो विसरलो.

आणि तरीही गोष्ट पुरती पोकळ नाही. नागपूर जिल्ह्यात, आपल्या सीमेला लागून, साकोली गटाच्याच खडकांत तांबेखाणी नावाची जागा आहे. नाव उघड आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या पट्ट्यात काम केलं तेव्हा तिथे तांब्याचं खनिज असल्याचं दिसलं. जवळच कोलारी-भावरी इथे जस्ताचं. परसोडी, पुलर या बाजूला सोन्याच्या खुणा. खोबन्याला टंगस्टन. कुणी भूशास्त्रज्ञ येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी त्या जागेला तांबेखाणी म्हणत होतं. कागद नसलेल्या माणसांनी ते ज्ञान एका नावात बांधून ठेवलं आणि ते नाव टिकलं. मला विचाराल तर सगळ्या पूर्व विदर्भातला हा सर्वांत मोलाचा खाणीचा दस्तऐवज आहे, आणि तो तीन-चार अक्षरांचा आहे.

आता ज्यांच्याविषयी बोलण्यासाठी मी हा विषय घेतला, त्यांच्याकडे येतो. वैनगंगेच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या वाळूतून सोनं धुणारे लोक होते. त्यांना सोनझारी म्हणत. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली सोनझारी झरेका हे नाव आजही छापलेलं आहे. रसेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१६ साली मध्य प्रांताच्या जातीजमातींवरच्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं आहे. त्यांची कला अशी. पूर ओसरला की नदीने वळण कुठे घेतलं, जड वाळू कुठे बसली, खडकाच्या कोणत्या खाचेत गाळ अडला, हे डोळ्यांनी ठरवायचं. ती वाळू लाकडी पात्रात घ्यायची आणि पाण्यात हेलकावत राहायचं. आधी माती जाते, मग पांढरी वाळू, मग काळी लोहवाळू उरते, आणि तिच्या कडेला, नशीब असेल तर, मोहरीएवढेही नसलेले पिवळे कण. भूशास्त्राच्या पुस्तकात जड खनिजांचं पृथक्करण म्हणून जे मी मुलांना शिकवलं, ते हेच. त्यांना ते शिकवायला कुणी गेलं नव्हतं.

दिवसभर पाण्यात उभं राहून हाती येई ते पोटापुरतंही नसे. पुढे कितीतरी सोनझारी कुटुंबं सराफांच्या दुकानांपुढच्या नालीतला गाळ धुवू लागली. तुम्ही नागपूरच्या इतवारीत किंवा कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफा ओळीत पहाटे गेला असाल तर ती माणसं पाहिली असतील. झाडू, घमेलं, लाकडी पात्र, आणि नालीचं पाणी. ज्या हातांना नदीचं वळण वाचता येत होतं, त्या हातांना आपण नाली दिली. गुप्तधनाच्या गोष्टी सांगताना राजा आठवतो, नाग आठवतो, पायाळू माणूस आठवतो. गोष्टीतली एकमेव खरी कारागीर माणसं कुणाला आठवत नाहीत. याचं मला दुःख आहे आणि रागही आहे.

जिल्ह्याची खरी खाण तर काळी निघाली. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग, चिखला, सीतासावंगी. तिथला जड काळा दगड गावकऱ्यांच्या पायाखाली होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला मँगनीज म्हणून भाव आला. ली फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला आणि ज्या खडकात हे धातुक मिळतं त्या जातीला गोंडाइट असं नाव दिलं, गोंडांवरून. जगभरच्या पुस्तकांत हा शब्द आहे. १९६२ साली मँगनीज काढणारी मॉइल ही कंपनी स्थापन झाली. चिखल्याची खाण भूमिगत चालते. डोंगरी बुजुर्गला उघडी खाण आहे, आणि तिथलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीसाठी लागतं. आजोबांनी रात्रीच्या बंडीत ज्या टॉर्चचा उजेड पाडला, तिच्या सेलमधली काळी पूड आपल्याच जिल्ह्यातली असू शकेल. ते मात्र चांदीची गोष्ट सांगत होते.

नागाविषयी एक सांगायचं राहिलं. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठाने पवनीला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. जगन्नाथ टेकडीखाली मौर्य-सातवाहन काळाचा मोठा स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली होती. आणि एका शिल्पावर पाच फण्यांचा नाग, बुद्धावर छत्र धरणारा मुचलिंद. टेकडीवर नाग बसला आहे, तो मोलाची वस्तू राखतो आहे, असं गावात म्हणत असतील तर पवनीपुरतं ते शब्दशः खरं होतं. मोलाची वस्तू म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या साध्या स्त्रीपुरुषांची नावं.

ती नावं हाती आली, कारण कुणी शिकलेल्या माणसांनी थर मोजत मोजत खणलं. रात्री पहार घेऊन गेलेल्यांच्या हाती असं काही लागत नाही. आपल्या टेकड्यांवर, जुन्या देवळांच्या गाभाऱ्यांत, गढ्यांच्या कोपऱ्यांत खणलेले खड्डे मी पाहिले आहेत. मूर्ती उलथलेली, लिंबू, कुंकू, फुटलेला नारळ. गुप्तधनापायी माणसाचा बळी देण्यापर्यंत माणसं जातात, म्हणून २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधन शोधण्याच्या निमित्ताने केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. हा कायदा व्हावा म्हणून अठरा वर्षं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला. चांदीची गोष्ट जितकी गोड, तितका तिच्यातला हा भाग काळा आहे, आणि तो आपण लहान मुलांना गोष्टीबरोबरच सांगितला पाहिजे.

शेतात नांगर चालवताना खरंच काही सापडलं तर? १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. कुणी खरा मालक निघाला नाही तर शोधणाऱ्याला वाटा मिळतो. सरकारने तो ठेवा घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद आहे. लपवला तर वाटाही जातो आणि शिक्षाही होते. लोकांना हे माहीत नाही, म्हणून जुनी नाणी रातोरात वितळतात. वितळलेल्या नाण्याचा भाव येतो, पण ते कोणत्या राजाचं होतं, कोणत्या वाटेने आलं, हे कायमचं जातं.

मी मघाशी म्हटलं होतं की या गोष्टी गोळा करायचं काम आपल्याकडे कुणी करायचं, हा प्रश्न शेवटी विचारीन. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द गावोगाव हिंडून गोळा केले आणि त्यांचा कोश केला. नाहीतर किती शब्द आपल्या आज्यांबरोबर गेले असते. तेच काम आता आपल्या टेकड्यांच्या, नाल्यांच्या, बोड्यांच्या आणि बांध्यांच्या नावांचं करायला हवं. सातबाऱ्यावर गट क्रमांक आला आणि शेताचं नाव गेलं. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गावं गेली, त्यांच्याबरोबर घाट गेले, आणि सोनझाऱ्यांना ठाऊक असलेल्या नदीच्या खाचा गेल्या. तांबेखाणी हे नाव वाचलं. तसली आणखी किती नावं होती आणि कोणत्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात ती अजून आहेत?

इथे शाळांचे शिक्षक बसले आहेत, म्हणून नेमकी मागणी करतो. या उन्हाळ्यात सातही तालुक्यांतल्या आठवी-नववीच्या मुलांना प्रत्येकी एक वही द्या. गावातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून पंचवीस जागांची नावं लिहून आणायला सांगा. जागा कुठे, नाव काय, सांगणाऱ्याचं वय किती, आणि त्या जागेची काही गोष्ट असेल तर ती त्याच्याच बोलीत. गोष्ट सुधारून लिहू नये. गावात सोनझारी कुटुंब असेल तर त्यांच्याकडे आधी जा, त्यांना मान देऊन विचारा, आणि त्यांच्या अवजारांची नावं त्यांच्या तोंडून लिहा. दगड आणला तर त्याला चिठ्ठी लावा. वह्या या व्याख्यानमालेच्या कार्यालयात ठेवायची व्यवस्था कार्यकर्त्यांनी मान्य केली आहे. वाचून, नकाशावर बसवून द्यायचं काम माझं. जून महिन्यात शाळा उघडतील तेव्हा पहिली वही मला आणून द्या.